सहाच्या खाली पास

"नियम लक्षात आहे ना, अलोणी?" पत्ते पिसता पिसता घाटेसाहेबांनी विचारलं.

"सहाच्या खाली पास," मी म्हणालो.

"शाबास." मग पाहुण्यांकडे वळून ते हसले. "दोन महिन्यांत तयार केलाय याला."

एकाहत्तर सालचा एप्रिल होता, रविवारची दुपार. भिवकुंडच्या पेपर मिलच्या गेस्ट हाउसला खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या आणि माळी अधूनमधून बाहेरून त्यांवर पाणी मारून जात होता. आत चांगला गारवा होता. तरी माझ्या तळहातांना घाम सुटत होता आणि पत्ते बोटांना चिकटत होते. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, मिलमध्ये शिफ्ट केमिस्ट होतो आणि प्रोबेशनचे तीन महिने उरले होते. माझ्या समोर बसलेले घाटेसाहेब मिलचे वर्क्स मॅनेजर. उजव्या हाताला मिलच्या दवाखान्याच्या डॉक्टर शशिकला ठोंबरे, पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. आणि डाव्या हाताला बारलिंगे, सरकारचे फॅक्टरी इन्स्पेक्टर. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ते आमच्या मिलमधल्या अपघाताची चौकशी करणार होते. भिवकुंडात उतरायला दुसरी जागा नव्हती म्हणून ते गेस्ट हाउसला उतरले होते, आणि त्यांना ब्रिज येतो असं कळताच घाटेसाहेबांनी डाव मांडला होता.

ब्रिज ज्यांना ठाऊक नाही त्यांना एवढं पुरे की समोरासमोरचे दोघे एकमेकांचे पार्टनर असतात. एकाला दुसऱ्याची पानं दिसत नाहीत. खेळ सुरू होण्याआधी बोली होते आणि त्या बोलीतूनच आपल्याकडे काय आहे हे एकमेकांना सांगायचं असतं. एक्क्याचे चार पॉइंट, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. पार्टनरने बोली उघडली आणि आपल्याकडे सहा पॉइंटही नसले तर साधारणपणे आपण पास म्हणतो. साधारणपणे. त्या शब्दावर भल्या भल्या खेळाडूंचे वाद होतात. घाटेसाहेबांना मात्र वाद नको होता. नव्या माणसाचं निम्मं नुकसान तोंड उघडल्याने होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी ब्रिज शिकलो नागपूरला, कॉलेजच्या होस्टेलात. घाटेसाहेबांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण मला त्यांनी पार्टनर करून घेतलं ते अपघातानंतर आठ दिवसांनी. तेव्हापासून ते मला तू म्हणू लागले. क्लबात सगळ्यांसमोर खांद्यावर हात ठेवू लागले. मला लवकरच चांगलं क्वार्टर मिळेल, आईला नागपूरहून आणता येईल, असंही म्हणाले. खरं सांगायचं तर मला ते सगळं बरं वाटत होतं. आणि पहाटे चार वाजता जाग आली की पुन्हा झोप लागत नसे.

पहिले दोन-तीन डाव किरकोळ गेले. चौथ्या डावाला घाटेसाहेबांनी "वन स्पेड" म्हणून बोली उघडली. डॉक्टर पास. माझ्याकडे इस्पिकची चार पानं होती, पण पॉइंट पाचच. मी पास म्हणालो. बारलिंगेही पास म्हणाले आणि बोली तिथेच संपली. खेळ झाला तेव्हा साहेबांनी त्या एका स्पेडवर अकरा हात केले. म्हणजे मी तोंड उघडलं असतं तर बोली दहा हातांपर्यंत चढून पूर्ण गेम झाला असता आणि मोठे गुण मिळाले असते. पण साहेब रागावले नाहीत, उलट खूश झाले. म्हणाले की गेम गेला तर गेला, माणूस सांगितल्याप्रमाणे वागला हे जास्त महत्त्वाचं.

बारलिंगे पत्ते गोळा करत होते. सावळा, सडपातळ माणूस. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सहा हा नुसता अंदाज आहे हो. उत्तर द्यायचं ते आपण बळकट आहोत म्हणून नाही. पार्टनरला पुन्हा एकदा बोलायला मिळावं म्हणून. आपण पास म्हटलं की त्याच्याकडे जे काही असेल ते तिथेच राहतं."

घाटेसाहेब हसले. बारलिंगे आपल्याच कॉलेजचे, आपल्याहून तीन वर्षं मागे होते, पहिल्यापासून मास्तरकी करायची सवय, असं त्यांनी मला सांगितलं. सकाळीच ते मला म्हणाले होते, बारलिंगे आपलाच माणूस आहे, उद्याची काळजी नाही.

मग चहा आला. कपबशा वाजत होत्या तेवढ्यात डॉक्टर ठोंबरे, जणू काही सहज आठवलं म्हणून, म्हणाल्या की फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात ब्लीचिंग खात्यातली खोकल्याची माणसं बरीच येत होती. साहेबांनी बशीत चहा ओतता ओतता सांगितलं की थंडी होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या पाहतच राहिल्या. मी बिस्किट उचललं. ते चहात बुडवलं तेव्हा तुटून आत पडलं.

फेब्रुवारीचा तो आठवडा असा होता. पंधरा तारखेला ब्लीचिंग खात्यात क्लोरीनच्या नळावरच्या एका व्हॉल्व्हमधून गॅस झिरपायला लागला. आतलं पॅकिंग खराब झालं होतं. मी लॉगबुकात तसं लिहिलं, लाइन बंद करून दुरुस्त करावी असंही लिहिलं, आणि स्वतः जाऊन साहेबांना सांगितलं. परीक्षेच्या वह्यांच्या कागदाची मोठी ऑर्डर होती, ती पंचवीस तारखेला जायची होती. साहेब म्हणाले, पंचविसानंतर बघू. मी काही पुन्हा गेलो नाही. अठरा तारखेला दुपारी चारच्या सुमाराला तो व्हॉल्व्ह फुटला. पिवळट हिरवा धूर जमिनीवरून सरपटत आला. सगळे पळाले, मीही पळालो. बकाराम मेश्राम नावाचा ऑपरेटर मात्र तोंडाला ओला दुपट्टा बांधून आत गेला, कारण मास्क कुलपात होते आणि किल्ली स्टोअरकीपरकडे होती. त्याने मागचा मुख्य व्हॉल्व्ह हाताने फिरवून बंद केला आणि तो बाहेर आला तो गुडघ्यांवर रांगत. खात्यात तेव्हा एकोणीस माणसं होती. सगळी वाचली. बकारामही वाचला, पण त्याची फुप्फुसं जळाली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कोरं लॉगबुक होतं. जुनं पाण्याने भिजून खराब झालं, त्या आठवड्याची पानं तेवढी नव्याने उतरवून दे, असं ते अगदी सौम्यपणे म्हणाले. काय काय उतरवायचं त्याचा टाइप केलेला कागदही त्यांनी तयार ठेवला होता. त्यात पंधरा तारखेची माझी ओळ नव्हती. मी माझ्या अक्षरात सात दिवसांची पानं लिहिली आणि खाली सह्या केल्या. नंतर मिलचा अहवाल निघाला, त्यात बकाराम मेश्राम दारू पिऊन कामावर आला होता आणि त्याने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला असं होतं. त्याला बडतर्फ केल्याची नोटीस दवाखान्यात त्याच्या उशाशी नेऊन दिली.

चौकशीच्या साक्षीदारांची यादी नोटिस बोर्डावर लागली होती. अठरा नावं होती. माझं नव्हतं. त्या वेळी खात्यावर मी एकटा केमिस्ट होतो आणि माझंच नाव नव्हतं. साहेबांनी ते गाळलं असणार असं मी धरून चाललो होतो, आणि यादी वाचून मी सुटकेचा श्वास टाकला होता हेही खरं.

चहानंतर तिसरा की चौथा डाव. पत्ते वाटले घाटेसाहेबांनी. मी पानं उचलून लावली. बदामाची सहा पानं होती, त्यांत राणी आणि गुलाम. बाकी सगळा कचरा, किलवरचं तर एकच पान, दुरी. एकूण पॉइंट तीन.

"वन क्लब," घाटेसाहेब म्हणाले.

"पास," डॉक्टर म्हणाल्या.

आता मी. पास हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. तीन पॉइंट म्हणजे काहीच नाही. पण पास म्हटलं तर साहेबांना किलवरवर खेळावं लागणार आणि त्यांच्या मदतीला माझ्याकडे एक दुरी. वर पंख्याचा आवाज येत होता. बारलिंगे पानांकडे बघत होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पापण्या किंचित मिटल्या, म्हणजे चालू दे, म्हण लवकर. त्या क्षणी मला का कोण जाणे, बशीतला चहा आणि थंडी होती म्हणणारा तो आवाज आठवला. मी फार विचार करून बोललो असं आज सांगितलं तर ते खोटं होईल.

"वन हार्ट," मी म्हणालो.

बारलिंगे पास म्हणाले. साहेबांनी एकदाही न थांबता "फोर हार्ट्स" म्हटलं. म्हणजे थेट गेम. आणि बदाम आधी मी बोललो असल्यामुळे डाव मीच खेळायचा होता.

पहिलं पान बारलिंग्यांनी टाकायचं होतं. ते थांबले. एखाद्या बोलीचा अर्थ काय हे विरुद्ध बाजूने विचारायची ब्रिजमध्ये मुभा असते, मात्र विचारायचं बोलणाऱ्याच्या पार्टनरला. त्यांनी घाटेसाहेबांना विचारलं, "यांच्या वन हार्टचा अर्थ काय समजायचा?"

"किमान सहा पॉइंट," साहेब म्हणाले. "त्याच्या खाली अलोणी तोंड उघडत नाही. त्याला मी तसं सांगितलेलं आहे."

"नक्की?"

"शंभर टक्के."

बारलिंग्यांनी पान टाकलं. घाटेसाहेबांनी आपली पानं टेबलावर उघडी मांडली. वीस पॉइंट होते. बदामाचा एक्का, राजा, किलवरचा एक्का, राजा, गुलाम, सगळी फौज. माझ्या हातात त्यातलं काहीही नव्हतं आणि ते आता एकेक पानाने उघड होणार होतं. मी खेळत गेलो. प्रत्येक वेळी माझ्याकडून दुरी, चौकी, पंजी पडत होती आणि साहेबांची नजर माझ्या हातावरून हळूहळू माझ्या चेहऱ्याकडे सरकत होती. पाचव्या-सहाव्या हातापासून मी वर बघणं सोडलं. हात दहा लागत होते, अकरा झाले.

मग बारलिंगे म्हणाले, "घाटे, तुमच्या पार्टनरकडे तीनच होते."

"दिसलं मला," साहेब म्हणाले.

तेवढ्यात मुंबईच्या ऑफिसचा ट्रंक कॉल लागला म्हणून गेस्ट हाउसच्या मॅनेजरच्या खोलीतून निरोप आला. साहेब उठले. जाताना त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि एक क्षण तसाच राहू दिला. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, दवाखान्यात राउंडची वेळ झाली असं म्हणत पर्स उचलली आणि त्या गेल्या. खोलीत मी आणि बारलिंगे उरलो.

ते पत्ते एकसारखे करत होते. "अठरा फेब्रुवारीला तुम्ही कुठल्या पाळीत होतात?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, हा सापळा आहे. साहेबांनीच यांना सांगितलंय, पोरगं फुटतं का बघा म्हणून. एका कॉलेजचे, एका टेबलावर चहा पिणारे. ट्रंक कॉलसुद्धा खरा आहे की नाही कोणी सांगावं. पलीकडच्या खोलीतून साहेबांचं "हॅलो, हॅलो, जरा मोठ्याने" ऐकू येत होतं.

"यादीत तुमचं नाव नाही," बारलिंगे म्हणाले. "खात्यावर केमिस्ट असतोच, म्हणून विचारलं."

"दुपारच्या पाळीत," मी म्हणालो.

"उद्या बोलावलं तर याल?"

"माझ्याकडे पुरावा काही नाही. जो आहे तो माझ्याच विरुद्ध आहे. माझ्या सह्या आहेत."

"ते मी विचारलं नाही."

साहेबांचा आवाज थांबला होता. रिसीव्हर ठेवल्याचा खट् असा आवाज आला आणि मग जोड्यांचा. कॉरिडॉर फार तर वीस पावलांचा होता.

"येईन," मी म्हणालो.

बारलिंग्यांनी मान हलवली नाही की काही नाही. साहेब दारात आले तेव्हा ते दोऱ्याने बांधलेली चष्म्याची दांडी तपासत होते.

साडेपाचला साहेबांनी मला स्वतःच्या जीपमधून क्वार्टरवर सोडलं. ऊन अजून तापलेलंच होतं. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं की बारलिंगे काय विचारत होता. मी सांगितलं, त्या वन हार्टबद्दल विचारत होते. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"तीन पॉइंटवर बोललास," ते म्हणाले. "जिंकलास म्हणून शहाणा ठरलास. माझ्याकडे वीस नसते तर?"

मी म्हणालो की चूक झाली.

मग ते बराच वेळ बोलले, आवाज न चढवता. ही मिल उभी राहिली तेव्हा इथे नुसतं पळसाचं रान होतं, पहिली विहीर खोदताना ते स्वतः उभे होते. ती ऑर्डर चुकली असती तर मालकांनी एक मशीन बंद केलं असतं आणि दोनशे माणसं घरी गेली असती. एक माणूस की दोनशे, हा हिशेब कोणाला तरी करावा लागतो, आणि तो करणाऱ्याला झोप लागते असं समजू नकोस. ते खोटं बोलत होते असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. शेवटी त्यांनी सांगितलं की मी दमलेला दिसतोय, चार दिवस रजा घेऊन नागपूरला आईकडे जाऊन यावं. सकाळी सात वाजता जीप दारात येईल.

"आणि अलोणी," मी उतरत असताना ते म्हणाले, "त्या पानांवर अक्षर तुझं आहे. माझं कुठेही नाही. हे विसरू नकोस."

त्या रात्री मी जेवलो नाही. सकाळी सहालाच बॅग भरून बसलो होतो, आणि मी जाणारच होतो. सातला जीप आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी दाराच्या आत उभा होतो, बॅगेचा पट्टा हातात. त्याने पुन्हा दिला. दार उघडलं असतं तर मी जीपमध्ये बसलो असतो. मी दार उघडलं नाही, एवढंच केलं. दहा मिनिटांनी जीप गेली. मी बॅग पलंगाखाली सारली.

चौकशी टाइम ऑफिसच्या मोठ्या खोलीत होती. बारलिंग्यांनी माझं नाव घेतलं तेव्हा घाटेसाहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. मी उभा राहिलो आणि सांगितलं. फार वेळ लागला नाही, पाच-सात वाक्यंच होती. पंधरा तारखेला मी व्हॉल्व्हबद्दल लिहिलं होतं. साहेबांना सांगितलं होतं. मास्क कुलपात होते. बकाराम प्यालेला नव्हता, पाळी सुरू होताना मीच त्याच्याशी बोललो होतो. नंतर पानं मी बदलून लिहिली.

मिलचे वकील उठले. जुनं लॉगबुक कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ठाऊक नाही. नव्यातलं अक्षर कोणाचं? माझं. सही? माझी. दबाव आणल्याचा कागद आहे का? नाही. साक्षीदार? नाही. मग तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं सांगताय, आणि यातलं काय खरं मानायचं, असं म्हणून ते बसले. खोलीत कोणीतरी हसलं. आता मला कळलं की मी स्वतःला बुडवलंय आणि बकारामला त्याचा काडीचा उपयोग झालेला नाही. मी पाण्यासाठी इकडेतिकडे पाहिलं, पण पाणी कोणी दिलं नाही.

"मला काही दाखवायचंय," डॉक्टर ठोंबरे म्हणाल्या.

त्यांनी पर्समधून एक चिठ्ठी काढली. मिलचा छापील कागद, चार घड्या पडलेला. पंधरा फेब्रुवारीला संध्याकाळी मी दोन कामगारांना दवाखान्यात पाठवलं होतं आणि सोबत दोन ओळी खरडल्या होत्या, की व्हॉल्व्हमधून क्लोरीन झिरपतोय, यांना खोकला लागलाय, तपासून औषध द्यावं. खाली माझी सही, तारीख, वेळ. मी ती चिठ्ठी साफ विसरून गेलो होतो. मग त्यांनी दवाखान्याचं रजिस्टर उघडलं. अठरा तारखेला बकारामला आणलं तेव्हा तोंडाला दारूचा वास नव्हता, असं त्यांनी त्याच दिवशी नोंदवलं होतं. ती नोंद बदलायला त्यांनाही सांगितलं गेलं होतं. त्यांनी ना बदलली होती, ना कोणाला दाखवली होती.

चौकशी उठल्यावर व्हरांड्यात मी त्यांना विचारलं की चिठ्ठी आधीच का नाही दिली.

"तिच्यावर नाव तुमचं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहिलंच नाही म्हणाला असतात तर? किंवा कसला तरी जुना सर्दी-खोकला होता म्हणाला असतात तर? तुमच्या नव्या लॉगबुकासमोर तो खोकल्याच्या औषधाचा कागद ठरला असता. आणि माझी नोकरीही गेली असती." मग पर्स बंद करत म्हणाल्या, "मी काल दुपारभर बघत होते तुमच्याकडे. मलाही भीती वाटत होती."

पुढचं थोडक्यात सांगतो. बारलिंगे कोणाचेच आपले नव्हते. त्यांचा अहवाल कडक निघाला. बकारामची बडतर्फी रद्द झाली आणि त्याला गेटवर बसून करायचं काम मिळालं. घाटेसाहेबांवर खटला झाला, तीन वर्षं चालला, आणि पुढे ते दुसऱ्या राज्यातल्या एका मिलमध्ये गेले असं ऐकलं. माझं प्रोबेशन काही पुरं झालं नाही. पानं मी बदलली होती, त्याबद्दल जी शिक्षा व्हायची ती झाली. नंतर मी वर्ध्याला शाळेत विज्ञान शिकवलं, तीस वर्षं. ठोंबरेबाईंची पत्रं येत असत, बाई जाईपर्यंत.

पण त्या सोमवारी दुपारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. टाइम ऑफिसातून मी सरळ दवाखान्यात गेलो. दोन महिन्यांत मी तिकडे फिरकलो नव्हतो. बकाराम पलंगावर तीन उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की त्याला श्वास घेता येत नसे. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती आणि प्रत्येक श्वासाला आत शिट्टी वाजत होती. त्याची बायको पायाशी बसून कागदाने वारा घालत होती. ती मला ओळखत नव्हती. डॉक्टर समजून उठून उभी राहिली.

मी सांगितलं की आज मी साक्ष दिली. काय सांगितलं तेही सांगितलं. आणि म्हणालो की यादीत माझं नाव नव्हतं, ते साहेबांनी काढलं असेल, पण मीच आधी यायला हवं होतं.

बकारामने हात वर करून मला थांबवलं. एकेका श्वासाला दोन-तीन शब्द, असं तो बोलत होता.

"सायबानं नाही काढलं जी," तो म्हणाला. "इन्स्पेक्टरचा मानूस आला व्हता, मार्चात. विचारे, कोन कोन व्हतं तिथं. मी समद्यायचे नाव सांगतले." त्याला खोकला आला. बायकोने त्याची पाठ धरली. खोकला थांबायला बराच वेळ गेला. मग डोळे मिटूनच तो म्हणाला, "तुमचं नाही सांगतलं. म्हनलं, पोरगा हाय, त्याची नोकरी नवी हाय."